टापानुली ओरांगउटानच्या संख्येचे गणित: स्प्रेडशीटवर मॉडेल कसे बांधायचे

इंडोनेशियात, उत्तर सुमात्रातल्या बातांग तोरूच्या डोंगराळ जंगलात टापानुली ओरांगउटान राहतो. ही वेगळी जात असल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले, तेव्हाच तिची संख्या ८०० पेक्षा कमी धरली होती. मोठ्या कपींच्या (ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी यांसारख्या) सगळ्या जातींत ही सर्वांत कमी. हे जीवही एकत्र नाहीत. जंगलाच्या तीन तुकड्यांत वाटले गेले आहेत. सुमात्रातली ओरांगउटान मादी साधारण पंधराव्या वर्षी पहिल्यांदा विते आणि पुढचे पिल्लू व्हायला आठ-नऊ वर्षे जातात.

अशा प्राण्याची संख्या वाढते आहे की घटते आहे, हे नुसत्या मोजणीवरून कळत नाही. समजा संख्या दरवर्षी १ टक्क्याने घटते आहे. दहा वर्षांत ती जेमतेम १० टक्क्यांनी कमी होईल. चांगल्या मोजणीतही २० टक्क्यांची प्रमाण त्रुटी (अंदाज खऱ्या संख्येपासून साधारण किती ढळतो ते) सहज असते, आणि दोन मोजण्यांच्या फरकातली त्रुटी सुमारे २८ टक्क्यांवर जाते. म्हणजे घट चालू असूनही कागदावर ती दिसणार नाही. म्हणून मोजणीच्या जोडीला मॉडेल लागते. ते बांधताना एक आकडा सतत डोळ्यांपुढे ठेवावा: वर्षाला किती टक्के प्रौढ माद्या मरतात. बाकीचे सगळे आकडे त्याच्या मागून येतात, आणि तसे का, ते पुढे आकडेमोडीतच दिसेल.

सुरुवातीची संख्या: घरट्यांवरून

ओरांगउटान दाट पानांत वर बसलेला असतो आणि क्वचितच दिसतो. त्यामुळे मोजायची ती त्याची घरटी. फांद्या आतल्या बाजूला वाकवून, त्यांवर पानाळ डहाळ्यांची गादी करून तो रोज रात्री नवे घरटे बांधतो, कधी दुपारच्या झोपेसाठीही. ताजे घरटे हिरवेगार असते. काही आठवड्यांनी पाने तपकिरी पडतात, मग गादीला भोके पडून खालून आकाश दिसू लागते, आणि शेवटी नुसत्या काटक्यांचा सांगाडा उरतो. प्रत्येक घरट्याची ही अवस्था आणि चालण्याच्या रेषेपासून त्याचे काटकोनातले अंतर, दोन्ही नोंदवायचे.

घनता काढायची रीत अशी: मोजलेली घरटी भागिले (रेषेची लांबी × प्रभावी पट्टीची, म्हणजे जिच्यातली घरटी खरोखर नजरेस पडतात तिची, पूर्ण रुंदी × घरटे बांधणाऱ्यांचे प्रमाण × एका जीवाची रोजची घरटी × घरटे टिकण्याचे दिवस). उदाहरण घेऊ. २० किलोमीटर रेषा, दोन्ही बाजूंना १५-१५ मीटर, म्हणजे ०.६ चौरस किलोमीटर. त्यात १०८ घरटी, म्हणजे चौरस किलोमीटरला १८०. बांधणाऱ्यांचे प्रमाण ०.९ (लहान पिल्ले आईच्याच घरट्यात झोपतात), रोज १.७ घरटी, टिकण्याचा काळ २५० दिवस. यांचा गुणाकार ३८२.५. उत्तर चौरस किलोमीटरला ०.४७ ओरांगउटान.

आता टिकण्याचा काळ २५० ऐवजी १८० दिवस धरा. तीच १०८ घरटी, पण घनता ०.६५, म्हणजे जवळजवळ ४० टक्के जास्त. घरटे किती टिकेल हे पाऊस, उंची आणि झाडाचे लाकूड किती टणक आहे यावर ठरते. दुसऱ्या जंगलातला आकडा उचलून वापरणे ही या मोजणीतली सर्वांत महाग चूक आहे. मोजणीआधीच ताजी घरटी खुणा करून ठेवावीत आणि ती दिसेनाशी होईपर्यंत फेऱ्या माराव्यात. यात वर्ष जाते. ते वर्ष वाचवू नये.

जीवनतक्ता: ५१ ओळी, पाच रकाने

मॉडेल फक्त माद्यांचे करावे; नर कमी पडल्यामुळे जनन अडते, अशी वेळ फारच लहान तुकड्यात येते. टापानुलीच्या माद्यांवर पुरेशी दीर्घ नोंद नसल्यामुळे दर सुमात्रातल्याच जुन्या अभ्यासक्षेत्रांवरून उसने घ्यावे लागतात. केताम्बे येथे १९७१ पासून अभ्यास सुरू झाला. तिथे पहिल्या वेताचे वय सुमारे १५ आणि दोन पिल्लांतले अंतर सुमारे ९ वर्षे आढळले. तगण्याचे दर खाली उदाहरणासाठी घेतले आहेत. आपल्या माहितीप्रमाणे ते बदलावेत.

ए रकान्यात वय ० ते ५०. बी रकान्यात त्या वयापासून पुढचे वर्ष पार करण्याची शक्यता: वय ० ला ०.९५, १ ते १४ ला ०.९९२, १५ ते ५० ला ०.९९. सी रकान्यात जन्मापासून त्या वयापर्यंत पोचण्याची शक्यता: पहिल्या ओळीत १, पुढे वरच्या ओळीतला सी गुणिले वरच्या ओळीतला बी. वय १५ समोर ०.८४९ आले, तर सूत्र बरोबर खाली उतरले आहे. डी रकान्यात वर्षाला होणाऱ्या मुली. नऊ वर्षांत एक पिल्लू, त्यातली निम्मी मादी, म्हणजे १/१८ = ०.०५५६, हा आकडा वय १५ ते ५० समोर आणि त्याआधी शून्य.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, १/९ तसेच ठेवले जाते आणि निम्मे करायचे राहते. मॉडेल जोमाने वाढते आणि कोणालाच शंका येत नाही. दुसरी, पिल्लू जगण्याचा दर डी मध्ये मिसळला जातो आणि सी मध्येही असतो. एकच मृत्यू दोनदा मोजला जातो.

ई रकान्यात सी गुणिले डी, भागिले लॅम्डाचा वय इतका घात. लॅम्डा म्हणजे संख्या वर्षाला किती पट होते तो आकडा. त्याला एक वेगळा सेल द्यावा. त्यात आधी १ घाला. ई ची बेरीज १.४३ येईल: एक मादी आयुष्यभरात सरासरी इतक्या मुली जन्माला घालते. मग एक्सेलमधली गोल सीक (Goal Seek) ही सोय वापरून, लॅम्डाचा सेल बदलत ही बेरीज नेमकी १ करा. उत्तर १.०११७. वर्षाला १.२ टक्के वाढ, दुप्पट व्हायला ६० वर्षे. शिकार नाही, जंगलतोड नाही, आजार नाही, अशा स्थितीतली ही धाव आहे. यापेक्षा वेगाने हा प्राणी फारसा पळू शकत नाही.

वयाच्या ओळींऐवजी पिल्लू, किशोर, प्रौढ असे तीन डबे करून छोटे मॅट्रिक्स मांडायचा मोह होतो. प्रौढांच्या डब्याला ०.९९ दिले आणि कमाल वय सांगितले नाही, तर त्या डब्यातली मादी शंभरी ओलांडूनही पिल्ले देत राहते. याच दरांनी तेव्हा लॅम्डा १.०२४ येतो. वाढ दुप्पट आणि सगळी खोटी. ५१ ओळी लिहायला दहा मिनिटे लागतात, त्या लिहाव्यात.

आणखी एक उपयोग: सी भागिले लॅम्डाचा घात, हा रकाना वेगळा काढून त्याचे प्रमाण घेतले की स्थिर वयरचना मिळते, म्हणजे दर तसेच राहिले तर शेवटी जमणारे वयांचे प्रमाण. या दरांना ५९ टक्के माद्या प्रौढ निघतात. ४०० माद्या धरल्या तर २३५ प्रौढ, आणि वर्षाला फक्त १३ मुलींचा जन्म. एका वर्षात तेरा. ही संख्या समोर ठेवून मग प्रत्येक मृत्यूकडे पाहावे.

एकेक आकडा हलवून पाहा

मूळ शीटची प्रत करा आणि एका वेळी एकच दर बदला.

पहिल्या वर्षात एकही पिल्लू मरत नाही असे धरा, म्हणजे ०.९५ चे १.०० करा. प्रत्यक्षात हे शक्य नाही, तरीही लॅम्डा १.०११७ वरून १.०१३४ वरच पोचतो. दोन पिल्लांतले अंतर नऊवरून आठ वर्षांवर आणा: १.०१५७. आता प्रौढ मादीचा मृत्युदर १ टक्क्यावरून २ टक्के करा: १.००६६. वाढ जवळजवळ निम्मी झाली. ३ टक्के केल्यास १.००१६. ४ टक्क्यांना ०.९९६६, आणि संख्या घसरणीला लागली. शंभरातली एक मादी मरते की चार, इतक्याच फरकावर जात तरते किंवा बुडते.

जादा मृत्यू सगळ्या वयांत सारखे असतील तर नवे गणितही लागत नाही: लॅम्डाला सरळ त्या गुणकाने गुणावे. सगळ्या वयांत १ टक्का जादा म्हणजे १.०११७ × ०.९९ = १.००१६. दोन टक्के जादा म्हणजे ०.९९१५, आणि संख्या ८१ वर्षांत निम्मी. ८०० जीवांत दोन टक्के म्हणजे वर्षाला सोळा. बागेत शिरला म्हणून मारलेला एक, पिल्लू पकडण्यासाठी मारलेली एक आई, असे करतच सोळा भरतात. पिल्लाच्या चोरीत आई मारली जाते, तेव्हा मॉडेलमध्ये दोन मृत्यू लिहावेत: वय १५ च्या पुढच्या ओळीत एक आणि जंगलातून नाहीसे झालेले पिल्लू दुसरे. पिंजऱ्यात जिवंत असलेले पिल्लू जंगलाच्या हिशेबात नाही.

तो एक आकडा मिळवणे किती कठीण

समजा अभ्यासक्षेत्रात ओळखीच्या २० प्रौढ माद्या आहेत आणि १५ वर्षे त्यांच्यावर लक्ष आहे. ही ३०० मादी-वर्षे झाली. त्यात ३ मृत्यू झाले, म्हणजे १ टक्का. हा आकडा ऐकायला पक्का वाटतो, पण तीन घटनांवर पॉयसॉनची ९५ टक्के मर्यादा (क्वचित घडणाऱ्या घटनांच्या मोजणीतली अनिश्चितता) लावली तर खरा दर ०.२ ते २.९ टक्के यांत कुठेही असू शकतो. त्यानुसार लॅम्डा १.०१६ पासून १.००२ पर्यंत फिरतो. पंधरा वर्षे घाम गाळून एवढीच माहिती मिळते, आणि तरी जगातल्या बहुतेक जंगलांकडे तीही नाही. एकही मृत्यू दिसला नसेल तर दर शून्य लिहू नये. वरची मर्यादा ३ भागिले मादी-वर्षे, म्हणजे ३०० ला १ टक्का धरावी.

नोंदवहीत ‘दिसेनाशी झाली’ हा शेरा नीट वाचावा लागतो. ओरांगउटानच्या मुली आईच्या परिसराजवळच स्थिरावतात. म्हणून अनेक वर्षे नियमित दिसणारी प्रौढ मादी नाहीशी झाली, तर ती मेली असे धरणे बहुधा बरोबर ठरते. नर दूर जातात. त्यांना हा नियम लावला तर मृत्युदर फुगतो.

नशिबाचा भाग: सिम्युलेशन

आतापर्यंतचे गणित सरासरीचे होते. लहान संख्येत सरासरीवर भरवसा ठेवता येत नाही. ३० ओरांगउटानांचा एक तुकडा घ्या: माद्या १५, त्यांतल्या प्रौढ ९, वर्षाला सरासरी अर्धी मुलगी. पाच वर्षांत एकही मुलगी जन्माला न येण्याची शक्यता ८ टक्के निघते. लागोपाठ पाच पिल्ले नर निघण्याची शक्यता ३२ मध्ये १.

यासाठी आर ही संगणकभाषा किंवा व्होर्टेक्स ही तयार प्रणाली वापरावी. एक्सेल हजार फेऱ्यांत दमते. क्रम असा. प्रत्येक वयाला माद्यांची पूर्णांक संख्या ठेवा. दरवर्षी त्या वयाच्या किती तगल्या हे द्विपदी वितरणातून काढा, म्हणजे प्रत्येकीसाठी तिच्या तगण्याच्या शक्यतेने नाणे उडवल्यासारखे. मग किती माद्या व्यायल्या, आणि त्या पिल्लांत किती मुली, हेही तसेच. १०० वर्षे चालवा, अशा १००० फेऱ्या करा आणि किती फेऱ्यांत संख्या शून्यावर गेली ते मोजा. पिढीचा काळ इथे सुमारे ३० वर्षे येतो, म्हणजे १०० वर्षे या जेमतेम तीन पिढ्या. शून्याबरोबरच ‘५० माद्यांच्या खाली गेली’ अशी मर्यादाही मोजावी. दीर्घायुषी प्राण्यांत शेवटची म्हातारी मादी एकटी वीस वर्षे जगते आणि मॉडेल तिला ‘संख्या टिकली’ म्हणते.

दरवर्षी प्रत्येक प्रौढ मादीला १/९ शक्यता दिली, तर काही माद्या सलग दोन वर्षे वितात, जे अशक्य आहे. व्यायल्यानंतर पहिली सात वर्षे शक्यता शून्य आणि आठव्यापासून दरवर्षी निम्मी, असे दिले की सरासरी अंतर नऊच राहते आणि वागणे खरे होते. पिल्लू लहानपणीच गेले, तर आईला ही वाट पाहण्याची मुदत माफ करावी.

चांगली-वाईट वर्षे घालताना त्या वर्षाचा दर एकदाच काढून सगळ्या प्राण्यांना तोच लावायचा. प्रत्येकीला वेगळा काढला तर सगळे एकमेकांत जिरते आणि दुष्काळाचा परिणाम दिसतच नाही. तगण्याचा दर बीटा वितरणातून घ्या; ते ० आणि १ च्या मध्येच राहते. सामान्य (घंटेच्या आकाराचे) वितरण ०.९९ च्या आसपास १ च्या वर उडी मारते. आणि आपल्याला एखादा दर नक्की माहीत नसणे ही वेगळी गोष्ट: तो दर फेरीच्या सुरुवातीला एकदा निवडून संपूर्ण १०० वर्षे तसाच ठेवावा. तो दरवर्षी नव्याने निवडला तर अज्ञान सरासरीत विरघळते आणि धोका आहे त्यापेक्षा कमी भासतो. प्रसिद्ध झालेल्या कामांतही ही गल्लत आढळते.

आपत्ती वेगळ्या लिहाव्यात: तीव्र उतारांवर दरडी, एल निनोच्या वर्षांतला दुष्काळ, माणसांकडून आलेला श्वसनाचा आजार. प्रत्येकीची वार्षिक शक्यता आणि बळींचे प्रमाण द्यावे. नक्की माहीत नसेल तर दोन-तीन पर्याय चालवून उत्तर किती हलते ते दाखवावे. व्होर्टेक्समध्ये जवळच्या नात्यातल्या संकराचा भार ६.२९ हा आधीच भरलेला असतो. तो काय आहे हे समजून मगच तसा ठेवावा.

जंगल आणि त्याचे तुकडे

तोड झाली की मॉडेलमध्ये क्षमतेचा, म्हणजे जंगल किती प्राणी पोसू शकते त्याचा, आकडा लगेच खाली आणला जातो आणि जादा प्राणी कागदावर त्याच वर्षी मारले जातात. प्रत्यक्षात तसे होत नाही. तुटलेल्या भागातले ओरांगउटान शेजारच्या जंगलात सरकतात, तिथे काही वर्षे गर्दी होते आणि घरट्यांची मोजणी चढती दिसते. ही चढण आनंदाची मुळीच नाही. मॉडेलमध्ये क्षमता पाच-दहा वर्षांत हळूहळू उतरवावी, आणि गर्दीचा परिणाम आधी पिल्लांमधल्या अंतरावर, मग तगण्यावर दाखवावा. असाच फसवा काळ प्रौढ माद्या मारल्या गेल्यानंतरही येतो: आधी जन्मलेल्या मुली पंधरा वर्षे वयात येत राहतात, म्हणून एकूण आकडा बराच काळ बरा दिसतो.

तीन तुकडे एकाच शीटमध्ये मिसळू नयेत. प्रत्येकाला स्वतंत्र मॉडेल आणि मधे स्थलांतर. जोडमार्ग सुधारला म्हणून दोन्ही लिंगांना सारखे स्थलांतर देणे ही इथली मोठी चूक. मार्गाने नर जातील आणि रक्त मिसळेल, ते हवेच आहे. पण माद्या आईजवळ राहतात, त्यामुळे एखाद्या तुकड्यातल्या माद्या संपल्या तर जोडमार्ग तो तुकडा आपोआप भरून देणार नाही. माद्यांच्या स्थलांतराचा दर शून्याजवळ ठेवून चालवा, मग थोडा वाढवून चालवा.

हेच शीट आसाममधल्या हूलॉक गिबनलाही चालते. जोरहाटजवळच्या होलोंगापार अभयारण्यातून रेल्वेमार्ग जातो आणि झाडांच्या शेंड्यांवरूनच फिरणाऱ्या गिबनसाठी तो जंगल कापतो. तिथेही दोन बाजूंची दोन मॉडेले हवीत. फक्त दर गिबनचे भरावेत आणि जोडी करून राहणाऱ्या प्राण्यात नर कमी पडला तर जनन अडते, म्हणून नरांचे रकाने सोडू नयेत.

अहवालात काय लिहावे

‘१०० वर्षांत नामशेष होण्याची शक्यता १२.४ टक्के’ अशा दशांशाला अर्थ नाही. आत गेलेला मृत्युदर ०.२ ते २.९ मध्ये कुठेही असू शकतो हे आपण नुकतेच पाहिले. पर्यायांची तुलना द्यावी: आजच्याच दराने, वर्षाला दोन प्रौढ माद्या वाचवल्यास, चार वाचवल्यास, जोडमार्ग केल्यास. स्वतंत्र आकडा चुकला तरी पर्यायांचा क्रम सहसा टिकतो. क्रम टिकतो का हेही तपासावे: मृत्युदराच्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही मर्यादांवर सगळे पर्याय पुन्हा चालवावेत. क्रम बदलला तर तसे पहिल्याच पानावर लिहावे, आणि पुढच्या हंगामाचा पैसा ओळखीच्या माद्यांवर रोज लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक माणसांच्या पगारावर मागावा. मॉडेलला हवा असलेला आकडा त्यांच्याच वहीत तयार होतो.